आत्या म्हंजी कोण

पोरीच्या परीक्षेला तीन आठवडे ऱ्हायले होते आन मीच तिला चुकीचं शिकवून बसले होते.

पोरगी तवा पाचवीला. सहावीपासनं एक सरकारी शाळा हाय, ऱ्हाणं-खाणं तिथंच, पर आधी परीक्षा द्यावी लागती. बाळ तान्हं म्हणून मी घरी ऱ्हायले, नवरा दिराच्या जोडीनं माजलगावकडं ऊसतोडीला गेला. जाताना म्हणला, "लागला नंबर तर लागला. न्हाईतर फुडल्या साली येईल आपल्या संगं, फडात बाळाला धरील." चिडून न्हाई, साधंच म्हणला. मला मातर तवापासनं धडकी. मी सोता अशीच भावाला सांभाळायला फडात गेलते, नववीत, ते परत शाळंत बसलेच न्हाई.

तर पुस्तकात प्रश्न होता. क ही ख ची आत्या आहे, ग हे ख चे वडील आहेत, तर क ही ग ची कोण? मी भाकरी थापीत होते, लगीच म्हणलं, विहीण. कावून की मी सासूला आत्या म्हणती, आमच्याकडं समद्याच सुना म्हणतेत, आन माझी सासू माझ्या बापाची विहीणच की. पोरगी म्हणली, "आई, चार उत्तरात विहीण न्हाईच." मी म्हणलं, पुस्तकच चुकीचं छापलंय.

दुसऱ्या दिवशी पोरगी शाळंतून रडत आली. नात्याचे पाच प्रश्न दिलते, चार चुकले. मी बाळ कडंवर घेतलं आन तशीच शाळंकडं पळाले, मॅडमच्या फुडं जाऊन उभी ऱ्हायले.

"आधी बसा. पाणी प्या," मॅडम म्हणल्या.

"माझ्यामुळं चुकलं तिचं. सासूला आत्या म्हणती म्हणून मी विहीण सांगितलं. मी नववीतून उठलेली, मला काय कळतंय."

"कळतंय हो तुम्हाला. पण तुम्ही पेपरात आपलं घर घेऊन जाता. पेपरात आत्या म्हणजे बापाची बहीण, बास. तुमची सासू तिथं नाही. जेवढं लिहिलंय तेवढंच खरं धरायचं."

मग त्यांनी फळ्यावर काढून दाखवलं. बाईला गोल, पुरुषाला चौकोन. बाप वर, लेकरू खाली, भाऊ-बहीण शेजारी. डोक्यात फिरवायचं न्हाई, एक वाक्य वाचायचं आन तेवढंच काढायचं. बाई का पुरुष ते लिहिलं नसलं तर आपल्या मनानं ठरवायचं न्हाई, तसंच मोकळं सोडायचं. चार उत्तरं बघायची ती शेवटाला.

रोज सांच्याला मी आन पोरगी अंगणात खडूनं काढत बसायचो. एकदा सासू येऊन उभी ऱ्हायली.

"ह्यो गोल कोन गं?"

"आत्या."

"म्हंजी मी?"

"न्हाई, ही बापाची बहीण."

"मग मी कुठं हाय?"

"तुमी ह्यात कुठंच न्हाई, आत्या."

"बरं झालं बाई. न्हाईतर त्या वाटोळ्यात कोंबली असती मला."

पोरगी लई हसली. मला हसू आलं न्हाई, माझं ध्यान उरलेल्या दिवसांवर.

परीक्षा झाली. पोरगी बाहेर आली आन म्हणली, नात्याचे दोन होते, दोनी काढून बघितले, बरूबर आले. काढण्यात वेळ गेला, शेवटाचे आकृत्यांचे चार ऱ्हायले. मी म्हणलं, ऱ्हाऊ दे.

यादी लागली, तिच्यात तिचा नंबर न्हाई. मी तीनदा बघितली, मग मॅडमनी बघितली.

नवऱ्याचा फोन आला. "मग ठरलं," म्हणला.

"न्हाई," मी म्हणलं. "मॅडम म्हणल्या, आठवीत असताना परत परीक्षा देता येती. तवर ती गावातल्या शाळंत जाईल. मी तिच्यापाशी ऱ्हाते."

"तोडीला नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरत्यात. फुडल्या साली भावाचं लगीन, त्याला त्याची जोडी. मी काय अर्धा कोयता घेऊन हिंडू?"

येते असं मी म्हणलेच न्हाई. त्यानं फोन ठिवला.

चार दिवस झाले, त्याचा फोन न्हाई. पोरगी रोज शाळंत जाती.