हॅलो, डेंटिस्टचं ऑफिस

पॉटलकला, म्हणजे ज्याने त्याने एकेक पदार्थ आणायच्या जेवणाला, कुणीतरी हमखास म्हणतं, "तुझ्या इंग्लिश क्लासचं सांग ना." एक सांगायला घ्यावं, तर आधी दुसरंच आठवतं, आणि तोवर भात गार होतो.

अमेरिकेत बॉथेलला आलो तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. सोलापूरला मी शाळेत भूगोल शिकवायचे. इथे नवरा गाडी घेऊन ऑफिसला गेला की दिवसभर खिडकी ते फ्रिज, फ्रिज ते खिडकी. शेवटी तोच म्हणाला, "क्लास जॉइन कर. नाहीतर कार्पेट झिजेल."

क्लास संध्याकाळी, शाळेच्या कॅफेटेरियात. बाकं मुलांच्या मापाची. शिकवायला कॅरलबाई. पहिल्या दिवशी त्या म्हणाल्या, "कोट काढा, आरामात बसा." सगळ्यांनी "थँक यू" म्हटलं आणि सगळे कोट घालूनच बसले. कधीही उठून जायचं असल्यासारखे.

*

शेजारी हलीना बसायची, पोलंडची. बाईंनी तिला विचारलं, "हाउ आर यू?"

"बॅड."

"इथे 'फाइन' म्हणतात," बाईंनी समजावलं.

"नवरा तिकडे, मी इकडे. फाइन कसं?"

बाई म्हणाल्या, "मग 'नॉट बॅड' म्हण."

हलीनाने मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं असावं. मग म्हणाली, "नो. बॅड."

*

मिस्टर ट्रॅन व्हिएतनामचे, पन्नाशीचे. 'माझं घर' या विषयावर बोलायचं होतं. ते उभे राहिले. "माय हाउस इज बोट. देन कॅम्प. देन कझिनचं गराज."

बाई हळूच म्हणाल्या, "'इज' नाही, 'वॉज'."

"बोट वॉज," ट्रॅननी मान्य केलं. "कॅम्प वॉज. गराज इज."

*

एकदा चालू वर्तमानकाळ होता. बाहेर पाऊस, माझं लक्ष पार्किंग लॉटकडे. बाईंनी विचारलं, "व्हॉट आर यू डूइंग?"

"आय ॲम वेटिंग." व्याकरण अचूक!

"फॉर व्हॉट?"

नवरा घ्यायला येणार होता, एवढंच सांगायचं होतं. पण ते खरं उत्तर वाटेना, आणि दुसरं सुचेना. शेवटी बाईच म्हणाल्या, "गुड सेंटेन्स," आणि पुढे सरकल्या.

घरी जाताना नवऱ्याने विचारलं, "आज काय शिकवलं?" मी रेडिओ लावला.

*

आणि तो टेलिफोनचा तास. बाईंनी वायर नसलेले दोन जुने फोन आणले. दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि बोलायचं. मी डेंटिस्टची रिसेप्शनिस्ट, ट्रॅन पेशंट.

मी म्हटलं, "हॅलो, डेंटिस्टचं ऑफिस."

पलीकडून ट्रॅन त्यांच्या भाषेत बोलायला लागले. आधी हळू, मग भराभर. बाई थांबवायला पुढे आल्या आणि मध्येच उभ्या राहिल्या. मला एक अक्षर कळत नव्हतं, पण फोन ठेववेना. मी "हं" म्हणत गेले. ते थांबले तेव्हा माझ्या तोंडून मराठीतच निघालं, "जेवलात का?"

त्यावर ते बरंच काही बोलले. मध्ये एकदा हसले. मी म्हटलं, "तब्येतीला जपा हं." त्यांनी सावकाश फोन ठेवला.

बाईंनी विचारलं, "मिस्टर ट्रॅन, अपॉइंटमेंट मिळाली?"

"येस," ट्रॅन म्हणाले. "ट्यूजडे."