पाच रिकामे गट

माझी ताई रागीट आहे असं म्हटलं तर फारच थोडं सांगितलं असं होईल. ती रागातच राहते. आई म्हणते, ही जन्मली तेव्हा रडली नव्हती, सुइणीशी भांडली होती. ताईच्या हाडांची वाढ लहानपणीच थांबली. मी तिच्याहून दीड वर्षाने धाकटी, पण पाचवीत असतानाच उंचीत तिच्या पुढे गेले. तेव्हापासून अनोळखी माणसं मलाच थोरली समजायची. बसमध्ये कंडक्टर न विचारता तिचं अर्धं तिकीट फाडायचा. ती पूर्ण तिकीट मागून घ्यायची आणि त्याला चार शब्द सुनवायची. कॉलेजात तिला पोरं ‘लवंगी’ म्हणायची. एवढीशी, पण पेटली की कान बंद करून घ्यावे लागतात.

तिने संख्याशास्त्र घेतलं होतं. ती दुसऱ्या वर्षाला होती आणि मी त्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला नुकती आले होते, त्या वेळची ही गोष्ट. वर्गात काय झालं ते मला ताईने सांगितलं, आणि तिच्या बाकावरच्या मैत्रिणीनेही. दोघींचं सांगणं एकच होतं, फक्त मैत्रीण सांगताना आवाज खाली ठेवत होती.

संख्याशास्त्राचे सर नीटनेटके होते. फळ्यावरची रेघसुद्धा पट्टी लावून मारायचे. माणूस वाईट नव्हता. हे मला आज म्हणता येतं, ताईला आजही म्हणवत नाही. त्या दिवशी ते म्हणाले, “पुस्तकातले आकडे नकोत. आपलेच घेऊ.” दाराच्या चौकटीला टेप चिकटवली, एकेकाला उभं केलं आणि सगळ्या वर्गाच्या उंच्या फळ्यावर लिहिल्या, येईल तशा, वेड्यावाकड्या.

“हे बघा,” सर म्हणाले, “हा नुसता ढिगारा आहे. यातून काही कळतं का? आता याला शिस्त लावू. सगळ्यात मोठा आकडा?”

“एकशे एक्क्याऐंशी!”

“सगळ्यात लहान?”

मागे कुणीतरी खुसखुसलं. मग ताईच बोलली, “एकशे अठरा. माझा आहे.”

सरांनी फळ्याकडे पाहिलं. पाच-पाच सेंटिमीटरचे गट पाडायचे होते. ताईच्या खालोखालची मुलगी एकशे सेहेचाळीसची. म्हणजे ताईच्या गटानंतर पाच गट सपशेल रिकामे राहणार होते. सरांनी खडू उचलला आणि एकशे अठरावर एक हलकी आडवी रेघ मारली.

“हा सोडून देऊ. नाहीतर आलेख विचित्र दिसतो. एकशे पंचेचाळीसपासून सुरू करा.”

सगळ्यांनी सुरू केलं. चार उभ्या रेघा, पाचवी तिरकी, अशा खुणा करत सारणी भरली. बेरीज झाली. ताईने हात वर केला. मागच्या बाकांना तो दिसणार नाही हे ठाऊक असल्यामुळे ती उभीही राहिली.

“सर, बेरीज सेहेचाळीस येते. वर्गात आपण सत्तेचाळीस आहोत.”

“अगं, मनावर नको घेऊस. शिकवायचं उदाहरण आहे हे.”

“मग दारापाशी उभं कशाला केलंत मला? माप घेताना मी चालत होते.”

“एकीसाठी पाच रिकामे गट काढायचे का? वहीच्या पानावर मावायला नको?”

वर्ग हसला. सर विनोद करायला गेले नसतील, पण वर्ग हसला, आणि हसण्याच्या ओघात तेही थोडे हसले. ताई उठून बाहेर गेली. दार आपटायला गेली तर ते फुगलेलं दार अर्ध्यातच अडकलं. त्याचाही तिला राग आला.

घरी आली तेव्हा तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. आई भांडी पुसत होती. “सरांचं काय वैर आहे का तुझ्याशी?” आई म्हणाली.

“वैर असतं तर बरं झालं असतं! वैऱ्याला निदान मी दिसले असते.”

बाबा बसगाड्यांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात होते. ते नुकतेच येऊन हातांचं ग्रीस काढत होते. “सोडून दे,” एवढंच म्हणाले. ताईने त्यांच्याकडे असं पाहिलं की पुढचं वाक्य त्यांनी साबणाबरोबर धुऊन टाकलं. पण दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी कारखान्यातली लांब लोखंडी पट्टी आणली आणि काही न बोलता तिच्यापुढे ठेवली.

जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून आम्ही एकाला एक चिकटवली. ताईने पोटावर पालथं पडून चौदा गटांचा आयतालेख काढला. डावीकडे एक बुटका स्तंभ, मग मोकळी जागा, मग बाकीच्या सगळ्यांची टेकडी. खाली लिहिलं : ‘एकूण विद्यार्थी : सत्तेचाळीस’. कॉलेजच्या सूचना फलकावर तो मी लावला, कारण तिचा हात पोचत नव्हता. मला सांगावं लागलं म्हणून ती माझ्यावरही डाफरली. दुपारपर्यंत सरांनी तो काढून टाकला. ताईने दुसरा काढला. तोही गेला. तिसऱ्याच्या वेळी प्राचार्यबाईंनी दोघांना बोलावलं. मी दाराबाहेर उभी राहिले.

बाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “आपण असं करू. पहिला गट ठेवू ‘एकशे पंचेचाळीसपेक्षा कमी’. त्यात तुझी नोंद येईल, आलेखही आटोपशीर राहील. झालं?”

“नाही झालं. त्या गटात मी एकशे चव्वेचाळीसचीही असू शकते, बाई. तेवढी असते तर इथे भांडायला आले असते का?”

“मग तुला हवंय तरी काय?”

“मी जिथे आहे तिथे माझी रेघ. आणि मधली जागा रिकामी आहे ना, मग रिकामी दिसू द्या. ती मी नाही रिकामी केली.”

मग सर म्हणाले, “लावू दे तिला. आलेख चुकीचा नाहीये. फक्त दिसायला...”

“दिसायला काय, सर?”



आलेख लागला. मला वाटलं, आता घरात शांतता नांदेल. कसली शांतता! दुसऱ्याच दिवशी फलकापुढे गर्दी. नाव कुणाचंच लिहिलेलं नव्हतं, पण त्या एकट्या स्तंभाला नावाची गरजच नव्हती. आलेखाशी काडीचा संबंध नसलेली पोरं येऊन बोट दाखवून जायची. तिसऱ्या दिवशी कुणीतरी त्या स्तंभाला डोळे, नाक आणि दोन वेण्या काढल्या.

मी धावत ताईला गाठलं. “काढून टाकते मी तो.”

“हात लावायचा नाही.” तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मधल्या सुट्टीत ती त्या आलेखाशेजारी जाऊन उभी राहिली. रोज. हनुवटी वर, हाताची घडी. कुणी रेंगाळलं की म्हणायची, “बघायला आलात ना? मग वाचून दाखवा. डावीकडून.” टवाळी करायला आलेला एक दांडगा मुलगा तिच्या तावडीत सापडला. “एकशे पंधरा ते एकशे वीस, एक,” तो पुटपुटला. “पुढे?” “शून्य.” “पुढे?” “शून्य.” असे पाचही रिकामे गट तिने त्याच्याकडून मोठ्याने वदवून घेतले. शेवटच्या शून्याला त्याचे मित्र पसार झाले होते आणि तो एकटाच उभा होता. हळूहळू गर्दी ओसरली. वेण्या काढणारा कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या आठवड्यात एकदा न्हाणीघरातून बादली लाथाडल्याचा आवाज आला. जाऊन पाहिलं तर ताई ओल्या फरशीवर बसून रडत होती. दातओठ खात रडत होती.

“माझंच खरं झालं ना? मग सगळ्यांसमोर मला पुन्हा त्या चौकटीला उभं केल्यासारखं का वाटतंय?”

मी बादली सरळ केली. ती म्हणाली, “जा इथून.” मी गेले नाही.

पुढच्या वर्षी सरांनी नव्या वर्गाला उंच्या मोजायला लावल्याच नाहीत. झाडाच्या पानांच्या लांब्या मोजून घेतल्या. हे ऐकून ताई आणखी भडकली. “माझ्यामुळे माणसं मोजायचीच सोडली! पानं भांडत नाहीत ना!”

आज ती एका मोठ्या कार्यालयाच्या सांख्यिकी विभागात आहे. कुणी अहवालात ‘इतर’ असा रकाना टाकून मोकळं झालं की ती मूळ नोंदी मागवते आणि त्या ‘इतर’मध्ये कोण कोण कोंबलंय ते विचारते. तिची बढती दोनदा हुकली. वरिष्ठांनी शेरा मारला, ‘कामात चोख, स्वभाव तापट’. तिने तो शेरा मला फोनवर वाचून दाखवला आणि विचारलं, “यांच्यातला कोण थंड आहे गं? यांना राग यायचं कारण पडत नाही, एवढंच.”

ती दोन खोल्यांच्या भाड्याच्या घरात एकटी राहते. राहायला गेली त्याच आठवड्यात तिने वीजमिस्त्री बोलावून सगळी बटणं आपल्या खांद्याच्या उंचीवर आणवली. घरमालक तणतणत आला, “माझी भिंत फोडलीत!”

“भिंत तुमची,” ताई म्हणाली, “पण अंधारात चाचपडायचं मी.” निघताना भिंत होती तशी करून देईन असं तिने कागदावर लिहून दिलं, पण बटणं हलवली नाहीत.

परवा आई आणि मी तिच्याकडे गेलो होतो. आईने सवयीने वर हात नेला, भिंत चाचपली, मग कण्हत वाकून दिवा लावला.

“काय बाई तुझं घर! पाठ मोडली माझी.”

ताई स्वयंपाकघरातून ओरडली, “दोन मिनिटांत मोडली?”

पंखा हवा होता, तेव्हा आई पुन्हा वाकली.