किनाऱ्यालगतची काळी पट्टी

उपग्रहाने टिपलेल्या रंगांवरून समुद्रात सूक्ष्म शेवाळ कुठे माजलंय, हे घरातली थोरली लेक रोज ऑफिसात बसून सांगते. किनाऱ्यालगत मात्र जमिनीचा उजेड पाण्याच्या रंगात मिसळतो, म्हणून नकाशात तेवढी पट्टी काळी करून टाकायचा शिरस्ता. तिचं माहेर नेमकं त्या मेल्या पट्टीत.

आई फोनवर रोज विचारते, "आपलं पाणी कसं दिसतंय गं?"

"छान हिरवं," ती ठोकून देते. काळं दिसतंय, हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

आज आई म्हणाली, "इथे कालपासून शेवाळाने पाणी लाल झालंय, बाई. तुला इथलं दिसत नाही, हे मला केव्हाच कळलंय. तरी विचारते. तेवढाच तुझा आवाज."

फोन ठेवल्यावर थोरली पडद्यावरची ती काळी पट्टी पुन्हा पुन्हा मोठी करून बघत राहिली.