नोंदायची राहिलेली फाइल

ऑफिसात तिला सगळे मास्तरीणबाई म्हणत. शीतगृहात अमोनिया गळला की भोंगा वाजवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर ती बनवायची. कुणी बदल करून कमिट न करता, म्हणजे रिपॉझिटरीत, सगळ्यांच्या सामायिक कोठारात, त्याची नोंद न करता घरी गेला, की दुसऱ्या दिवशी त्याची बिनपाण्याने व्हायची. शेवटी घसा वाचवायला तिने एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्रॅम, लिहिली. चाचणीआधी ती तपासायची, काही नोंदायचं राहिलंय का? राहिलं असेल तर काम तिथेच थांबायचं.

पण स्क्रिप्ट ऊठसूट अडायला लागली. कुणाची टिपणं, कुणाचे फोटो; रिपॉझिटरीला ठाऊक नसलेल्या असल्या फुटकळ फाइल्सवरून रोज खोळंबा. लोक करवादले. तिने स्क्रिप्टमधल्या आज्ञेत एक शब्द वाढवला आणि तिला नव्या फाइल्सकडे काणाडोळा करायला लावलं. जुन्या फाइल्समधले बदल तेवढे बघायचे.

मग नवा सेन्सर आला. शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने त्याच्या मर्यादा, म्हणजे किती गॅसला भोंगा वाजवायचा ते आकडे, एका नव्या फाइलीत लिहिल्या आणि ती नोंदायला विसरला. त्याच्या कॉम्प्युटरवर फाइल होतीच, त्यामुळे चाचणीत भोंगा चोख वाजला. स्क्रिप्टनेही कौल दिला: सगळं नोंदलेलं आहे. कारखान्यात मात्र यंत्रांत रिपॉझिटरीतली प्रत भरली गेली. तिच्यात ती फाइल नव्हती. यंत्रांनी मुकाट जुन्या मर्यादा धरल्या.

सात आठवड्यांनी एका शीतगृहात गॅस गळला. भोंगा अकरा मिनिटं उशिरा वाजला. आत खोकी रचणारा हमाल गेला.

साहेबांनी तिला बोलावलं. "फाइल नोंदायला तो विसरला. तसं लिहून द्या, विषय मिटला."

"माणूस विसरतो म्हणूनच तर स्क्रिप्ट लिहिली होती, साहेब. तिच्या डोळ्यांवर पट्टी मी बांधली."

चौकशीत तिने हेच लिहून दिलं. नोकरी गेली. जाण्याआधी तिने तो शब्द काढला, सगळी यंत्रं परत मागवायला लावली. सहकाऱ्याची नोकरी वाचली. त्याने तिला एकदाही फोन केला नाही.

पुढच्या आठवड्यात ती हमालाच्या घरी गेली. त्याच्या बायकोला तिने सगळं सांगितलं, काही न लपवता.

"ताई, त्यातलं मला काही कळलं नाही," ती म्हणाली. "एवढंच सांगा. भोंगा वेळेवर वाजला असता, तर हे बाहेर पडले असते?"

"हो."

हमालाची बायको उठली, आतल्या खोलीत गेली. मास्तरीणबाई बराच वेळ बसून राहिली. कुणी बाहेर आलं नाही, तेव्हा दार लोटून ती जिना उतरली.