भाऊजींची चोरी

शत्रूच्या कैदेतून सुटून आलेला माणूस आपल्यापेक्षा अंगानं भरलेला निघावा, हे आमच्या गावाला मुळीच रुचलं नाही. बाहत्तरचा दुष्काळ चालू होता. नेवाशाच्या पुढचं आमचं कोरडवाहू गाव वाळून कोळ झालं होतं. माझे धाकटे दीर शिवराम एकाहत्तरच्या लढाईत सरहद्दीवर पकडले गेले होते. वर्षभरानं सुटले, लष्करी दवाखान्यात दूध-अंडी खाऊन सुधारले आणि रजेवर घरी आले. एसटीतून उतरल्यावर हार घेऊन उभ्या असलेल्या हडकुळ्या मंडळींना त्यांनी नीट निरखलं आणि विचारलं, "कैदेत कोन हुतं? मी का तुमी?"

सासूबाई गळ्यात पडून रडल्या. "उपाशी ठिवलं असंल रं लेकराला." भाऊजी म्हणाले, "ठिवलं, पर तुमच्याइतकं न्हाई."

मी त्या घरची थोरली सून आणि गावच्या शाळेतली मास्तरीण. भाऊजी आल्यापासून माझ्या स्वयंपाकघराचा ताबाच गेला. भाकरी तव्यावरून उतरली की ते वाटे घालायला बसत. आमच्याकडे जत्रेचं मटण वाटून घेताना सारखे वाटे घालतात. मग जो तो आपली खूण देतो, कुणी खडा, कुणी पान, कुणी काडी. पाठ फिरवून बसलेल्या माणसानं त्या खुणा वाट्यांवर टाकायच्या, म्हणजे तक्रारीला जागा राहत नाही. आणि ज्यानं वाटे घातले, त्यानं आपला शेवटी उचलायचा. ही रीत भाऊजींनी कैदेतल्या बराकीत चालू केली होती. "माझी खून म्हंजी सदऱ्याची गुंडी," ते सांगत. "वरीसभर उघड्या छातीनं फिरलो, पर वाटा सोडला न्हाई." आता घरच्या चार माणसांत तीन भाकऱ्यांसाठीही खुणा पडू लागल्या. माझ्या यजमानांनी एकदा खूण म्हणून विडी दिली, ती भाऊजींनी ओढून टाकली आणि वर "खून हरवली, वाटा गेला," असा निकालही दिला.

सरपंचांनी देवळापुढे सत्काराची सभा घेतली. आपल्या भाषणात त्यांनी भाऊजींची दहाही नखं शत्रूकडून उपटून घेतली. बाया पदर डोळ्यांना लावू लागल्या. मग भाऊजी उठले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "नखं जाग्यावर हायेत. खोटं कशाला बोलू? पहिल्यांदा लई मारलं, मग तेच कटाळले. डाळीत खडे हुते, पर आपल्या पल्टनीच्या डाळीतबी असत्यात. एक पहारेकरी शेतकरी हुता. सारखा इचारायचा, तुमच्याकडं उसाला पानी किती देता? मी म्हनायचो, आमच्याकडं पानीच न्हाई. त्याला वाटायचं, ह्यो लष्कराचं गुपित लपवतोय."

सभा हसली. सरपंच हसले नाहीत. पण पुढच्या रांगेत देवळाली प्रवरा गावचे एक ऊसवाले पाहुणे बसले होते, ते खूश झाले. त्यांची सुमन लग्नाची होती. पाटाच्या पाण्यावरचा माणूस कोरडवाहू गावात लेक देत नाही, आणि त्या साली तर नाहीच नाही. पण पाहुणे यजमानांना म्हणाले, "चारचौघांत मोठेपना मिळत असताना ह्यो गडी खोटं बोलला न्हाई. असा जावई मला चालंल." मुलगी बघून झाली. तेव्हापासून भाऊजी रोज दाढी करू लागले, घरात प्यायला पाणी नसलं तरी. सासूबाई तर पाट आपल्याच दारातून वाहणार असल्यासारख्या चालायच्या.

गावाशेजारी पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. सारं गाव तिथं माती उपसायला. दुपारी सरकारकडून सुकडी मिळे, म्हणजे पीठ-गुळाच्या वड्या. वड्या मोडलेल्या येत, चुरा कुणाला जास्त गेला यावरून भांडणं होत, म्हणून मुकादमानं वाटपाचं काम भाऊजींवर सोपवलं. ते हजेरीवर नव्हते, त्यामुळे स्वतः काही घेत नसत. सुट्टीच्या दिवशी मीही मदतीला जाई.

अशाच एका रविवारी देवळालीचे पाहुणे तारीख धरायला आले. घराला कुलूप दिसलं म्हणून थेट कामावर आले, आणि नेमका तिथं गोंधळ उडालेला. किसन नावाच्या आमच्या शेजाऱ्याच्या मुंडाशातून मुंग्यांची रांग उतरून त्याच्या कपाळावर आली होती. मुकादमानं विचारलं, "हे काय रे?" किसन म्हणाला, "ऊन लागलंय." मुंडासं सोडलं तर आत सुकडी. एक-दोन वड्या नव्हेत, चांगला पसाभर. गेले काही दिवस वाटे कमी का पडत होते, ते सगळ्यांना कळलं.

मुकादम म्हणाला, "उद्यापासनं कामावर यायचं न्हाई. हजेरीवरनं नाव कमी."

किसनच्या घरात ओली बाळंतीण होती आणि तिच्या मागे तीन लेकरं. काम गेलं की चूल बंद, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. पण प्रत्येकाच्या वाट्यातलंच गेलेलं, त्यामुळे कुणी मध्ये पडेना. दोघंतिघं तर त्याला मारायला सरसावले. मला त्याची दया येत होती आणि रागही येत होता.

भाऊजी पुढे झाले. "मुकादम, दम खा जरा. मीबी कैदेत रोटी चोरल्ती."

सगळे थांबले. पाहुण्यांनी टोपी सारखी केली.

"तापानं पडलेल्या मानसाच्या उशाखालची चोरली," भाऊजी सांगू लागले. "सापडलो. समदी बराक मला तुडवायला उठली. आपल्याच जिल्ह्यातला, राजूरचा भिका म्हनून गडी वाटे घालायचा. तो म्हनला, ह्याला तुडवून रोटी माघारी येनार हाय का? पहाऱ्यावाल्याच्या हवाली केला तर वाचनार न्हाई ह्यो. उद्यापासनं वाटे ह्यालाच घालू द्या. मग काय, मी वाटे घालतोय आन समद्यांचे डोळे माझ्या बोटांवर. वाटा उचलायचा शेवटाला. चोरायची सोयच ऱ्हायली न्हाई. किसनाला काढू नका. त्याला वाटायला बसवा."

कुणी तरी म्हणालं, "चोराच्या हातात तिजोरी?"

"तिजोरीकडं समदी बघत असली की चोर लई इमानी असतो," भाऊजी म्हणाले.

मुकादमाला भूक लागली होती आणि वाद नको होता. त्यानं मान डोलावली. किसन वाटायला बसला. एक वडी मोडायची तर तो आधी ती चारही बाजूंना दाखवून घ्यायचा. शेवटी त्याच्या स्वतःच्या वाट्याला चिमूटभर चुरा उरला. तो त्यानं मुकाट्यानं तोंडात टाकला आणि त्याचं काम वाचलं.

भाऊजींचं मात्र मोडलं. पाहुणे मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाई, खरं बोलनारा जावई पाहिजे हुता, पर येवढं खरं नको हुतं. आजाऱ्याची रोटी चोरनाऱ्याला लेक कशी द्यावी?" मी चहाचा आग्रह केला, त्यांनी तोही घेतला नाही. सासूबाई आठवडाभर भाऊजींशी बोलल्या नाहीत. "दारात आलेलं पाटाचं पानी लाथाडलं मेल्यानं," एवढंच त्या चुलीला सांगत. भाऊजींनी दाढी करणं सोडलं. रजा संपली तेव्हा गावानं ठेवलेलं नवं नाव बरोबर घेऊन ते पलटणीत गेले. ते नाव होतं रोटीफौजी.

पुढच्या वर्षी पाऊसपाणी बरं झालं, तेव्हा एक लंगडत चालणारा माणूस खांद्यावर तांदळाचं गाठोडं घेऊन दारात आला. "मी भिका. राजूरचा. शिवाच्या आईला भेटाया आलोय." सासूबाई बाजारला गेल्या होत्या. मी पाणी दिलं आणि मोठ्या आदरानं म्हणाले, "म्हणजे बराकीत आमच्या भाऊजींना सांभाळून घेतलं, ते तुम्हीच."

त्यानं पेला खाली ठेवला. "मी? बाई, रोटी मी चोरल्ती. वाटे शिवा घालायचा. समदे माझ्यावर धावले, तवा त्यानं त्याचं काम माझ्या हातात दिलं. तेच त्याच्या आईला सांगावं म्हनून आलोय."

मी त्याला पाझर तलावावरची हकिगत सांगितली. तो आधी हसला, मग त्यानं गमछ्यानं डोळे पुसले. उठताना म्हणाला, "त्यानं तसं सांगितलं असंल तर मी काई बोलत न्हाई." गाठोडं ठेवून तो गेला. सासूबाईंना मी सांगितलं की पलटणीतला एक जण येऊन गेला.

पण मला ते पचेना. भाऊजी पुन्हा रजेवर आले, तेव्हा पहिल्याच दिवशी मी त्यांना धारेवर धरलं. "सोयरीक मोडली, नाव गेलं, सासूबाई अजून कुढतात. हे कशापायी? खरं सांगूनही किसन वाचला असता की."

भाऊजी भाकरी मोडता मोडता थांबले. "वाचला असता, वैनी. पर मी शहाना ठरलो असतो आन त्यो माझ्याम्होरं जलमभर मान खाली घालून बसला असता. दुष्काळात समद्यांचेच उपकार घेत हुता त्यो. त्यात माझं मोठेपन कशाला घालायचं त्याच्या डोक्यावर? आता बघा, मला बघितलं की हासतो." मग म्हणाले, "तुमी कुनाला बोलू नका."

किसन खरंच हसायचा. पुढे आमच्यासारख्याच कोरड्या गावची जाऊबाई घरात आली, तिच्या लग्नाच्या पंगतीत सर्वांत मोठ्यानं तोच ओरडला होता, "फौजी, बुंदीचे लाडू मोजून ठिवलेत बरं का." आणि भाऊजींना एवढा ठसका लागला की मुंडावळ्या सुटल्या. ते दोघं म्हातारे होईपर्यंत एकाच पारावर बसत.

भाऊजी गेले तेव्हा शोकसभेला नव्या पिढीचे सरपंच बोलले. मागून कुणी तरी पोरगा कुजबुजला, "रोटी चोरली होती ना यांनी?" किसननं ऐकलं. काठी टेकत तो उठला आणि सगळ्या सभेला म्हणाला, "व्हय, चोरल्ती. मीबी चोरल्ती. आमी दोघं सारखेच हुतो." आणि खाली बसून लहान पोरासारखा रडला.

खरं माझ्या ओठांवर आलं होतं. किसनकडे बघितलं आणि मी ते गिळलं. गेल्या वर्षी किसनही गेला, म्हणून आता लिहिते आहे.