दाणेसाहेब आणि पत्र्याची दिशा

दाणेसाहेब कोणाच्याही नमस्काराला उत्तर देत नसत. समोरच्याने काय तुटलेलं आणलं आहे, ते आधी बघत. बोल्ट असो, पट्टी असो, वाकवताना उललेला ब्रॅकेट असो, तो हातातून काढून घेत, खिडकीपाशी जात आणि तुटलेली कड उजेडात फिरवत पाठमोरेच बोलत. माणूस रिकाम्या हाताने आला असेल तर "काय?" एवढंच विचारत. अंबरनाथ एमआयडीसीत पत्रा कापून-दाबून भाग बनवणाऱ्या एका प्रेस शॉपच्या प्रयोगशाळेत मी दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होते. पुढे वर्तमानपत्रात गेले. त्या दोन वर्षांत त्यांनी मला नावाने एकदाही हाक मारली नाही.

त्यांचं आडनाव वेगळंच होतं. पण कारखान्यात काहीही बिघडलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "दाणा बघितला का?" म्हणून माघारी सगळे त्यांना दाणे म्हणत. ते त्यांना माहीत होतं. त्यांचं म्हणणं, कामगारांनी त्यांच्याबद्दल काढलेला हा एकच बिनचूक निष्कर्ष होता.

नवीन आलेल्याला ते लोखंड दाखवत नसत. संडासाबाहेरची पत्र्याची बादली आणून टेबलावर ठेवत. जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीवर बर्फाच्या फुलांसारखी नक्षी असते. त्या एकेका फुलावर बोट ठेवून ते सांगत, "हा एक दाणा. हा दुसरा. पोलाद असंच असतं, फक्त फुलं इतकी बारीक, की तुमच्यासारख्यांना दिसत नाहीत. हळू थंड केलं की दाणा मोठा, झटकन केलं की बारीक. बारीक दाण्याचं पोलाद चिवट. कळलं? नसेल तर पॅकिंग विभागात जागा आहे." मला कळलं होतं. तरीही त्यांनी पॅकिंगची आठवण पुढे आठवडाभर रोज करून दिली.

तुच्छतेच्या बाबतीत त्यांनी कधी भेदभाव केला नाही. पोलाद कंपनीच्या प्रमाणपत्राला ते लग्नपत्रिका म्हणत. त्यात सगळेच चिरंजीव आणि सगळ्याच सौभाग्यकांक्षिणी. फक्त कठीणपणा मोजून माल पास करणाऱ्या निरीक्षकाबद्दल म्हणत, "हा नाडी बघून बाळंतपण करतो." मी वर्तमानपत्रात जाणार हे कळल्यावर म्हणाले, "बरं आहे. तिथे नमुना कापावा लागत नाही."

नमुना तयार करणं हे मात्र त्यांच्याकडे पूजेसारखं चाले. पत्र्याचा नखाएवढा तुकडा काळ्या प्लॅस्टिकच्या गोटीत बसवायचा. पॉलिश पेपरवर घासायचा, प्रत्येक पेपर आधीपेक्षा बारीक. शेवटी मखमलीच्या फिरत्या चकतीवर आरशासारखा करायचा. मग आम्लाचा हलका हात, आणि सूक्ष्मदर्शकाखाली. ती मखमल ते स्वतः उल्हासनगर कॅम्प दोनमधून आणत. एकदा मी बरोबर होते. दुकानदाराने तागा उलगडत विचारलं, "साईं, ब्लाउज के लिए या परदे के लिए?"

"लोहे के लिए," साहेब म्हणाले.

दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं. बहुधा या गृहस्थांना घरी कसं न्यायचं, हे त्याला मला विचारायचं असावं. परतताना त्यांनी कुल्फी घेतली, एक घास खाल्ला आणि उरलेली परत केली. "हळू गोठवली आहे. बर्फाचे दाणे दाताला लागतात." कुल्फीवाला म्हणाला, "काका, पंधरा वर्षांपासून विकतोय, आजवर कोणी बोललं नाही." साहेब म्हणाले, "पंधरा वर्षं तुम्हाला गिऱ्हाईक मिळालं नाही, असा याचा अर्थ."

अशा माणसासमोर कांबळेबाई येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा त्यांच्या बाजूने बोलायला कोणी नव्हतं.

कांबळेबाई बुवापाड्यातल्या. नऊ वर्षं ठेकेदाराकडून प्रेस चालवत होत्या. त्यांना कायम करण्याचा कागद शेठच्या टेबलावर होता, सही तेवढी बाकी होती. नेमक्या त्याच महिन्यात त्यांच्या प्रेसवरचे ब्रॅकेट घडीवर चिरू लागले. बसच्या सीटखाली बसणारा तो तुकडा. सगळेच चिरत नव्हते, काही चिरत आणि काही चांगले निघत. गिऱ्हाईक कंपनीने माल परत पाठवला आणि कारण विचारलं. प्रयोगशाळेत नमुना तपासला गेला. दाणा बारीक, गोल, उत्तम. साहेबांनी अहवालात लिहिलं, 'पत्रा निर्दोष.' पत्रा निर्दोष म्हटल्यावर उरल्या कांबळेबाई. शेठने गिऱ्हाईकाला पत्र धाडलं की चूक ऑपरेटरची आहे, तिला कामावरून थांबवलं आहे.

तिसऱ्या दिवशी बाई प्रयोगशाळेच्या दारात आल्या. हातात पिशवी, पिशवीत ब्रॅकेट. नमस्कार केला. साहेबांनी पिशवी घेतली.

"साहेब, मशीन तेच, डाय तोच, हात माझाच," त्या म्हणाल्या. "मग अर्धे तुटतात न् अर्धे नाय, हे कसं काय?"

"तुमचं लक्ष अर्धा वेळ असतं, म्हणून."

"लक्ष होतं म्हणून तर आले. हे बघा. तेल पुसताना पत्र्यावर बोट फिरवलं की रेघा लागतात, बारीक, केसासारख्या. आधी त्या रेघा घडीला आडव्या यायच्या. आता काही तुकड्यांना घडीच्या बरोबरीने येतात. बरोबरीने आलेले तेच फुटतात. मी खडूने खुणा करून वेगळे लावलेत."

"तुमचं बोट म्हणजे काय सूक्ष्मदर्शक आहे?"

"ते काय ते तुम्हाला ठाऊक. माझं बोट रोज हजार पत्र्यांवरून फिरतं. तुमचा तुकडा किती, एक?"

 बाई गेल्यावर साहेबांनी पिशवी टेबलावर ओतली आणि खडूच्या खुणेप्रमाणे दोन ढीग केले. मग मला एका चिरलेल्या ब्रॅकेटमधून दोन तुकडे कापायला सांगितले, एक रेघांना आडवा, दुसरा रेघांच्या बरोबरीने. आमच्याकडे नमुना नेहमी पत्र्याच्या टोकाच्या पट्टीतून येई आणि नेहमी आडवाच कापला जाई. सोयीचं होतं. किती वर्षं, ते कोणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

आडव्या तुकड्यात तेच दिसलं जे आधी दिसलं होतं, गोल दाणे, मधे काही ठिपके. दुसऱ्या तुकड्यात दाणे लांबट होते आणि त्या ठिपक्यांच्या जागी लांबच लांब काळी सुतं होती. अगरबत्तीचा जुडगा टोकाकडून पाहिला तर ठिपके दिसतात, बाजूने पाहिला तर काड्या. पत्रा रुळांतून लाटला जातो तेव्हा दाणे आणि पोलादातली घाण एकाच दिशेला ओढली जाते. घडी त्या सुतांना आडवी पडली तर पत्रा निमूट वाकतो, त्यांच्या बरोबरीने पडली तर उलतो. हे साहेबांना माहीत नव्हतं असं नाही. पहिल्या महिन्यात त्यांनीच मला ते शिकवलं होतं, पॅकिंग विभागाच्या उल्लेखासह.

तुकडे फिरले कसे, ते शोधायला अर्धा तास लागला. शेठच्या भाच्याने संगणकावर नवी मांडणी केली होती. एका पत्र्यातून जास्त तुकडे निघावेत म्हणून काही तुकडे काटकोनात वळवले होते. "पत्रा तो पत्रा होता है ना, अंकल?" तो म्हणाला. साहेबांनी त्याच्याकडे बादलीकडे बघावं तसं पाहिलं. बादलीला ते निदान वेळ देत.

अहवाल त्यांनी स्वतः लिहिला. शेवटचं वाक्य असं होतं: 'नमुना एकाच दिशेने तपासला गेला, ही चूक प्रयोगशाळाप्रमुखाची. ऑपरेटरची चूक नाही; दोष तिनेच शोधून दिला.'

शेठने त्यांना केबिनमध्ये बोलावलं. मी फाइल घेऊन दाराशी उभी होते.

"साहेब, बाईला उद्यापासून परत घेऊ," शेठ म्हणाला. "पण आधीचा कागद तसाच राहू दे. पार्टीला एकदा लिहून गेलंय. आता लॅबचीच चूक म्हटलं तर लॅबवर कोण भरोसा ठेवणार?"

"ठेवू नये."

"आणि तिचा कायमचा कागद पुढच्या वर्षी बघू. चूक रेकॉर्डवर असताना लगेच सही कशी करणार?"

"म्हणूनच रेकॉर्ड बदलायचं."

"तुमच्या रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलीत. विचार करा."

"मी तीस वर्षं एकाच बाजूने विचार केला," साहेब म्हणाले. "पुरे झाला."

अहवालाची प्रत त्यांनी त्याच दुपारी गिऱ्हाईक कंपनीला पाठवली. गिऱ्हाईकाने पत्र लिहून दोष शोधणाऱ्या बाईंचं नाव कळवायला सांगितलं. ती अजून ठेकेदाराचीच आहे असं लिहिणं शोभलं नसतं, त्यामुळे शेठला कायम करण्याच्या कागदावर सही करावी लागली. साहेबांना नोकरी सोडायला महिनाअखेरपर्यंत मुदत मिळाली. त्यांनी ती पुरी वापरली. रोज वेळेवर येत आणि जुन्या नमुन्यांच्या गोट्या काढून प्रत्येकीतला पत्रा कोणत्या दिशेने कापला होता, ते तपासत. सगळ्या आडव्या होत्या. अशा गोट्या किती, तो आकडा त्यांनी मला लिहून घ्यायला लावला आणि खाली सही केली.

शेवटच्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत कांबळेबाई आल्या. कायम झाल्याचे पेढे आणले होते. साहेबांनी पेढा घेतला आणि, माझ्या माहितीप्रमाणे प्रथमच, दाण्याबद्दल काही न बोलता खाल्ला.

"मला दाखवता का, त्या दिवशी काय बघितलंत ते?" बाईंनी विचारलं.

साहेब खुर्चीवरून उठले. त्या खुर्चीवर कधी कोणाला बसू दिलं नव्हतं, मलाही नाही. बाई बसल्या. साहेबांनी आधी एक नमुना लावला, मग दुसरा, आणि दोन्ही वेळा भिंग त्यांच्या डोळ्याला नीट जुळेपर्यंत वाकून उभे राहिले. बाई पुष्कळ वेळ बघत होत्या.

"म्हणजे इथे सगळं एवढं स्वच्छ दिसतं," नजर न काढता त्या म्हणाल्या. "तरी तुम्हाला नाय कळलं होय?"

"नाही," दाणेसाहेब म्हणाले. "नाही कळलं."