चार नळ्यांची रिकामी जागा

महेंद्रच्या बहिणीचा, विमलताईचा, फोन आला तेव्हा मी महाडच्या कॉलेजात प्रयोगाची टेबलं पुसत होतो. "दादा, आपला महेंद्र ऱ्हायला नाय..." एवढंच बोलली. कावीळ अंगावर काढली होती त्याने. रडू आलंच, पण त्याआधी त्याच्या संशोधनाच्या सरांचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि माझं डोकं फिरलं.

कुडपणचा हा मुलगा आमच्या प्रयोगशाळेत माझ्या डोळ्यांदेखत घडला. पुढे शहरात संशोधनाला गेला, तरी सुट्टीत विमलताईकडून बांबूच्या नळ्या तोडून घ्यायचा आणि प्रयोगशाळेमागच्या माझ्या खोलीत एका फळीवर रोवत बसायचा. अर्ध्या फळीवर एक मांडणी, उरलेल्या अर्धीवर दुसरी. एका टोकाला छोटा स्पीकर लावला की ठरावीक सूर दोन मांडण्यांच्या सीमेवरूनच पळायचा. आत पसरायचा नाही, कोपरा आला तरी मागे फिरायचा नाही. "ह्याला अडवता येत नाय, भाऊ," तो हसून म्हणायचा. तेच काम सरांनी त्याच्याकडून धातूच्या नळ्या वापरून करून घेतलं, आणि शोधनिबंध छापून आला तेव्हा त्यावर त्याचं नावच नव्हतं. तो भांडला नाही. कुडपणला परतला, नाचणी लावू लागला... मी मात्र विसरलो नाही.

शोकसभेला सरांना मीच आग्रहाने बोलावलं. खोटं कशाला बोलू, सूड घ्यायलाच बोलावलं. टेबलावर फळी मांडून ठेवली होती, एका टोकाला स्पीकर, दुसऱ्या टोकाला माईक, आणि माईकवर पोचलेला सूर कर्ण्यातून सगळ्यांना ऐकू येत होता. सर गहिवरून बोलले. मग फळीकडे बोट दाखवून म्हणाले, "हे त्याचं खेळणं. सीमेवरच्या चार नळ्या काढल्या तर बंद पडेल. याचं शास्त्र केलं ते मी."

विमलताई उठली. "मंग काढा ना, सर. तुमच्याच हातानं काढा."

सगळे बघत होते, नाही कसं म्हणणार? त्यांनी चार नळ्या उपटल्या. सूर त्या रिकाम्या जागेला वळसा घालून माईकवर होता तसाच येत राहिला.

"माझ्या भावाला ह्ये ठावं होतं," ताई म्हणाली. "तुमाला नाय."

सर चहा न घेता गाडीत बसले. मला फार बरं वाटलं, अजूनही वाटतं. महेंद्र असता तर त्याने मला गप्प केलं असतं... पण तो नाही.

फळी माझ्या खोलीतच आहे. संध्याकाळी कुलूप लावण्याआधी मी एकदा स्पीकर सुरू करतो. त्या चार जागा मी भरलेल्या नाहीत. नवी मुलं विचारतात, इथल्या नळ्या कोणी काढल्या? मी नावानिशी सांगतो.